डावे पेडल

चारुदत्त बेहेरे यांना मी फारसे ओळखत नव्हतो. अकरा वर्षे लखनऊ छावणीच्या रस्त्यावर आम्ही सकाळी एकमेकांना भेटत होतो; पण त्यांच्या पत्नीचे नाव मला कळले ते त्या गेल्यावर, महाराष्ट्र मंडळाच्या शोकसंदेशातून. तरी लिहितो, कारण पुढची गोष्ट मला एकट्यालाच माहीत आहे.

बेहेरे रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. डावा पाय अधू झाला, सायकलवर तोल राहीना. मग त्यांनी तीनचाकी मागवली. पुढे दोन चाके, मागे एक, जमिनीपासून वीतभर उंचीवर खुर्ची. तिच्यात रेलून बसायचे आणि समोर पाय लांब करून पेडल मारायचे. मोटारवाल्यांना दिसावे म्हणून मागे काठीवर भगवी झेंडी.

माझा फिरायचा सोबती नरेंद्र पहिल्याच दिवशी म्हणाला, "बेहेरे, तिरडीला चाकं लावून घेतलीत? चला, आम्हा चौघांचे खांदे वाचले!"

"तुमच्यासाठीही मागवतो," बेहेरे म्हणाले. "फक्त तुमच्या वजनाला पुढे इंजिन जोडावं लागेल."

मी हसलो. कोणाच्या बाजूने, ते दोघांनाही कळू नये असा.

गाडीची कुरकुर रोजची होती. चेन साध्या सायकलीच्या तिप्पट लांब, ती प्लॅस्टिकच्या नळीतून जायची आणि नळी सरकायची. उजवा ब्रेक चाकाला घासायचा. झेंडीची काठी खडखडायची. बेहेरे निघण्याआधी रेल्वेतल्यासारखे लहान हातोडीने सगळीकडे ठोकून आवाज ऐकायचे. प्रत्येक बोल्टवरून शेजारच्या लोखंडापर्यंत त्यांनी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली होती. रेघ तुटली की बोल्ट हलला.

त्यांचा मुलगा अनिकेत याने एक अट घातली होती. झटक्यानंतर बेहेऱ्यांनी एकदा गॅस चालू ठेवला होता, तेव्हापासून वडिलांच्या डोक्यावर त्याचा भरवसा नव्हता. ज्या दिवशी त्यांना आणायला मोटार काढावी लागेल, त्या दिवशी तीनचाकी भंगारात. बेहेरे मला एकदाच म्हणाले होते, "डोकं शाबूत आहे हे दाखवायला मला रोज अकरा किलोमीटर लागतात, डॉक्टर."

नोव्हेंबरात एका सकाळी धुक्यात ते रस्त्याच्या कडेला थांबलेले दिसले. चेन उतरली होती. नरेंद्र मागे चहाच्या टपरीवर रेंगाळला होता. मी हात देऊन त्यांना उठवले. त्यांनी हातमोजे घालून, मला शिव्या देत देत चेन चढवली.

"धरा नीट! शेवाळ नाही ते, लोखंड आहे."

मी आयुष्यभर प्रयोगशाळेत शेवाळाचा अभ्यास केला. मला ते लागले.

मग ते झाडामागे लघवीला गेले. जाताना पाना माझ्या हातात देऊन म्हणाले, "कशाला हात लावू नका."

मला काहीतरी करून दाखवायचे होते. डावे पेडल हलवून पाहिले, किंचित डुगडुगले. आता कळते, ते तेवढे डुगडुगतेच. मी पाना लावला आणि जगातला कुठलाही बोल्ट आवळतात तसा फिरवला. तीन फेरे. जड गेले, म्हणून घट्ट झाले असे वाटले. ते परत आले तेव्हा मी झाडाकडे पाहत उभा होतो.

ते बसले. अधू पाय सुटू नये म्हणून तो पट्ट्याने पेडलला बांधलेला असे. तो मी बांधून दिला. वीसेक पावले गेले असतील. कडकन आवाज झाला. पेडल मुळातून निखळले आणि बुटाला बांधलेल्या पेडलासकट पाय रस्त्यावर फरफटला.

तेवढ्यात नरेंद्र पोचला. आधी मोबाईल काढला. "बघा, बेहेऱ्यांच्या पायात नवीन पैंजण!" व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर गेला. अनिकेत त्या ग्रुपवर होता. बारा मिनिटांत त्याची मोटार आली.

बेहेरे वाकून पेडलाच्या भोकात बोट फिरवत होते. "आटे गेले," ते म्हणाले. "सकाळी रेघ पाहिली होती मी. जुळत होती." मग माझ्याकडे वळले. "पाहिली असेन ना?"

"मला काय ठाऊक," मी म्हणालो.

"पापा, ये पैडल किसने कसा था?" अनिकेतने विचारले.

"माझ्याशिवाय कोण हात लावतो?" त्यांनी पुन्हा भोकात बोट घातले. "डाव्याचे आटे उलटे असतात. सरळ फिरवलं की सुटतं. मीच फिरवलं असणार."

"देखा अंकल? चालीस साल रेलवे में, और पैडल उल्टा कस दिया."

पाना माझ्या खिशात होता. मी अनिकेतला म्हणालो, "हाँ बेटा, उम्र है." हे मी म्हणालो.

रविवारी कबाडी आला. पुढची चाके कशी निघतात ते त्याला कळेना. बेहेरे सांगू लागले, तर अनिकेत म्हणाला, "छोड़िए पापा, आपको याद नहीं रहता." कबाडीने घणाने तोडली.

त्यानंतर ते दाराची कडी तीनदा पाहू लागले. मोलकरणीला विचारायचे, "गैस हमने बंद किया था?" तिने नक्कल करून शेजारणींना हसवलेले मी स्वतः ऐकले. नरेंद्र म्हणाला, "गेली केस." मी मान हलवली.

मी रोज त्यांच्या फाटकावरून जात होतो. वाक्य तयार होते: पेडल मी फिरवले. जानेवारीत एका सकाळी ते उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले दिसले. शेजारी भाजीचा ठेला. घरी कोणी नव्हते. मी थांबलो. दोन दिवसांनी ते झोपेतच गेले.

"कसे आहात?" त्या सकाळी मी म्हणालो.

"बरा. मेथी घेताय?"

"हो. ताजी दिसते."

"पाणी मारलंय तिच्यावर. उद्या घ्या."

"बरं," मी म्हणालो. "उद्या घेतो."