काठीवरची खाच

वसतिगृहाच्या दारात आज एक सुतार बाभळीचं लाकूड तासत होता. त्या वासानं मला माझ्या वडिलांची, आबांची, मेंढ्यांमागची काठी आठवली. मी लहान होतो तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, पाठ एका बाजूला वळत चालली होती, म्हणून आबांनी तिला मोमिनाबादच्या दवाखान्यात नेलं. मीही गेलो होतो. डॉक्टरांनी तिला पुढं वाकायला लावून पाठीवरून हात फिरवला आणि ते म्हणाले, "अंग वाढतंय तोवर हा बाक वाढू शकतो. उंची थांबली की बहुतेक तोही थांबेल. लक्ष ठेवा." घरी येताच आबांनी अक्काला काठीला टेकवून उभं केलं, डोक्याशी खाच पाडली आणि हसत हसत आईचीही पाडली. कोकरं वाढावीत म्हणून नवस करणारं आमचं घर आता पोर वाढू नये म्हणून देवाला साकडं घालू लागलं. वर्षानं पुन्हा मोजलं, तर अक्का खाचेच्या वर बोटभर! आई डोळ्यांना पदर लावून खाली बसली. अक्का मात्र काठीचं जमिनीकडचं टोक न्याहाळत होती. "माय, तू उभी ऱ्हा बरं," ती म्हणाली. आईही तिच्या खाचेच्या बोटभर वर निघाली. "आबा, माय या वयात वाढली व्हय? डोंगर तुडवून तुमचीच काठी झिजली की!" आबा एवढे हसले की मेंढरं बिचकली. अक्काचा बाक आजही तेवढाच आहे. मी इथे डॉक्टरकी शिकायला आलोय; जमेल की नाही, ठाऊक नाही. पण कुणाला मोजायची वेळ आली, तर आधी माप तपासून घेईन.