त्या दिवशी एक दोनदा वाजला

मुलीची पत्रिका परत आली तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत बसले होते. परत आली म्हणजे मोबाईलवर पत्रिकेचा फोटो आला आणि त्याखाली मुलाच्या आईचा व्हॉइस मेसेज. "ताई, पोरगी लाखात एक आहे वं तुमची. पण आमच्या गुरुजींनी पत्रिका पाहिली, तर चौथ्या घरात मंगळ निघाला. एकुलतं एक पोरगं आहे आमचं, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. आम्हाले हे जमणार नाही. राग नका मानू."

राग नका मानू! वा गं वा! मी तो मेसेज तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा हातातलं लाल पेन टेबलावर आपटलं.

माझी मुलगी नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. या बाईंच्या नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते गृहस्थ पलंगावरून पाय खाली ठेवायला तयार नव्हते. माझ्या मुलीने त्यांना रागावून, हसवून, हाताला धरून व्हरांड्यात चालवलं. मुलगा हिंगण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. शिफ्ट सांभाळून तो वडिलांना आठवड्यातून तीनदा घेऊन यायचा. वडील चालायला लागले आणि या दोघांचं जमलं. दीड वर्ष झालं त्याला. दोन्ही घरी पसंती होती. फक्त मुलाची आई म्हणाली होती, "पत्रिका एकदा पाहून घेऊ न बाप्पा, आपली फॉर्म्यालिटी." आणि मी, भूगोलाची मास्तरीण, विज्ञानाच्या गप्पा मारणारी, निमूटपणे कपाटातून पत्रिका काढून दिली होती. ज्या पोरीने यांच्या नवऱ्याला पायावर उभं केलं, तिच्यामुळे यांच्या पोराच्या जिवाला धोका! काय बोलायचं या माणसांना?

मुलगी रडली नाही. तेच मला सहन झालं नाही. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. ती दवाखान्यातून आली, मेसेज ऐकला, पोळी-भाजी ताटात तशीच ठेवून म्हणाली, "तू यात पडू नको, आई. आम्ही दोघं पाहून घेऊ."

पण ऐकते कोण! आमचे हे बैठकीतून म्हणाले, "काहून एवढी तापून राहिली तू? पोरगी सांगून राहिली न, पडू नको म्हणून." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. आणि तो पत्रिकेचा फोटो बोटांनी मोठा करून पाहायला लागले. अठ्ठावीस वर्षांत मी ती पत्रिका कधी वाचली नव्हती. सासऱ्यांनी करून घेतली आणि लोखंडी कपाटात ठेवून दिली, ती ठेवलीच होती.

वर लिहिलं होतं: जन्म अमेरिका, रात्री एक वाजून दहा मिनिटे. आणि खाली बारीक अक्षरात: भारतीय वेळ, सकाळी अकरा चाळीस.

आता हे वाचा. मी दरवर्षी पोरांना शिकवते. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे तासाला पंधरा अंश. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्वेच्या रेखावृत्तावर लावलेलं. नागपूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा जवळजवळ चौदा मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. वर्गात कोणी चुकलं की मी त्याला फळ्यासमोर उभं करते. आम्ही अमेरिकेत ज्या शहरात होतो, तिथून नागपूर उन्हाळी वेळेत साडेनऊ तास पुढे आणि हिवाळी वेळेत साडेदहा. एक दहात साडेनऊ मिळवले तर दहा चाळीस होतात. अकरा चाळीस व्हायला साडेदहा मिळवावे लागतात. कोणी मिळवले? कोणाला विचारून मिळवले?

आणि मग मला ती रात्र आठवली. आठवली म्हणजे काय, विसरले कधी होते! फक्त तिचा पत्रिकेशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

यांच्या कंपनीने यांना दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार उलटून रविवार लागला होता. दवाखान्यात भिंतीवर गोल घड्याळ होतं आणि मुलगी झाली तेव्हा त्यात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. हे धावत खाली फोनकडे गेले. बऱ्याच वेळाने एक नर्स स्टूल घेऊन आली, त्यावर चढली आणि तिने घड्याळाचे काटे मागे फिरवले. दोनाचा एक केला. मला वाटलं, बाळंतपणात माझं डोकं फिरलं. ती हसत म्हणाली, आज उन्हाळी वेळ संपली, दोन वाजले की सगळा देश पुन्हा एकवर जातो. मांडीवर पन्नास मिनिटांची मुलगी होती, आणि घड्याळाप्रमाणे ती अजून दहा मिनिटांनी जन्मायची होती.

तेव्हा मला हसू आलं होतं. आता संताप आला. उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून हे लोक सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे ढकलतात आणि थंडीच्या तोंडावर परत ओढतात. नागपुरात येऊन पाहा म्हणावं! मे महिन्यात आम्ही तो सूर्य एकदाचा बुडतो कधी म्हणून खिडकीला ओले पडदे लावून बसतो, आणि यांना आणखी एक तास उजेड पाहिजे. पाहिजे तर घ्या. पण त्या एका तासाने माझ्या मुलीच्या कपाळी मंगळ का बसावा?

झालं असं होतं. आमच्या यांनी त्यांच्या वडिलांना पत्रात नुसतं "रात्री एक दहा" कळवलं. पत्रिका करणाऱ्याला एवढं ठाऊक होतं की त्या तारखेपासून अमेरिकेत हिवाळी वेळ लागते. ती त्या तारखेच्या पहाटे दोनला लागते आणि तोवर जुनीच वेळ चालते, हे त्याच्या गावी नव्हतं. त्या दिवशी एक वाजून दहा मिनिटं दोनदा झाली. त्याने दुसरी धरली. माझी मुलगी पहिलीला झाली होती.

मी मुलीला काही सांगितलं नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर थेट मुलाकडच्यांच्या गुरुजींकडे गेले. ते धंतोलीतच बसतात, दोन प्रसूतिगृहांच्या मधल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. माझ्याआधी एक जावई आणि सासरा होते. त्यांना सोमवारच्या सिझरची वेळ काढून पाहिजे होती. गुरुजींनी नऊ बावीस सांगितली, सासऱ्याने डॉक्टरांना फोन लावला, आणि डॉक्टर बहुतेक साडेदहा म्हणाले असावेत, कारण तिथेच घासाघीस सुरू झाली. मी कपाळाला हात लावला. ज्या शास्त्रात जन्माची वेळ फोनवर ठरते, ते शास्त्र माझ्या मुलीला नाकारत होतं!

माझा नंबर लागला. मी जन्मदाखला पुढे ठेवला, कागद काढून सगळं समजावलं. रेखावृत्तं काढली, दोन्ही एक दहा दाखवले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, जन्मदाखल्यावर एक दहाच लिहिलं आहे. पहिलं की दुसरं, असं नाही लिहिलं. पुरावा काय?"

"पुरावा मी," मी म्हटलं. "बाळंत मी झाली होती, गुरुजी. तुम्ही नाही."

ते हसले. मला आणखी चीड आली. आणि त्या चिडीतच मला सुचलं. सासूबाई होत्या तोवर दर वाढदिवसाला एकच गोष्ट सांगायच्या: दिवाळी चार दिवसांवर आली होती, मी करंज्या तळून राहिली होती, घड्याळात अकराचे ठोके पडले अन् फोन वाजला, पोरगी झाली म्हणून! सगळ्या नातेवाइकांना ही गोष्ट पाठ होती. मी गुरुजींना विचारलं, "नागपुरात अकरा वाजता फोन आला. तुमच्या पत्रिकेप्रमाणे मुलगी अकरा चाळीसला झाली. मग जन्मायच्या चाळीस मिनिटं आधी तिच्या आजीला बातमी कोणी दिली?"

गुरुजींनी चष्मा काढला. मग लॅपटॉप जवळ ओढला, दहा चाळीस टाकलं आणि पडद्याकडे पाहत म्हणाले, "जन्मलग्न बदललं. मंगळ पाचव्या घरात गेला."

"पाचव्यातला चालतो?"

"पाचव्यात मंगळाचा दोष धरत नाहीत. मुलगी निर्दोष आहे."

निर्दोष! कोर्टातून सुटल्यासारखी. पण खरं सांगते, त्या शब्दावर मी चिडले नाही, मला आनंदाने रडू आलं. गुरुजींनी नवी पत्रिका छापली, खाली सही केली. मी जिन्यातच उभं राहून तिचा फोटो काढला आणि मुलाच्या आईला पाठवला. वर लिहिलं, "जुनी पत्रिका एका तासाने चुकली होती. तुमच्याच गुरुजींची सही आहे." तेव्हा साडेसहा वाजले होते. प्रताप नगरला घरी पोचेपर्यंत उत्तर आलं. "माय वं! मी म्हणतच होती, एवढी गुणी पोरगी मंगळाची कशी असंल! उद्या संध्याकाळी पेढे घेऊन येतो आम्ही. सुपारी फोडूनच टाकू."

मी गाडी फाटकात लावली ती ओरडतच. मुलगी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. नर्सचं स्टूल, सासूबाईंचा फोन, गुरुजींचा चष्मा. मला वाटलं होतं, उठून गळ्यात पडेल.

"तू पाठवून दिली?" तिने विचारलं.

"तिथूनच. साडेसहाला."

ती मांडीवरच्या टॉवेलाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तो उद्या सकाळी घरी बोलणार होता, आई. मंगळ असला तर असू दे, मी हिच्याशीच लग्न करीन, असं दोघांसमोर सांगणार होता. रविवारी वडील पण घरी असतात म्हणून रविवार. चार दिवस मी त्याचीच वाट पाहून राहिली होती."

"अगं, मग चांगलंच झालं न! आता त्याला भांडायची गरजच नाही उरली."

"तेच म्हणतेय मी."

माझा पारा पुन्हा चढला. म्हटलं, "मी काय वाईट केलं? त्या भैताडांनी चुकीच्या तासावर तुला नाकारलं. मी खरा तास काढून दाखवला. खोटं एक अक्षर बोलली का मी?"

"तू मंगळ मानतेस?"

"मुळीच नाही."

"मग तिथे तेच सांगायला गेली असतीस तर मी तुझ्यासोबत आली असती. तू तर तो चौथ्या नाही, पाचव्या घरात आहे म्हणून सांगून आलीस."

वर्गात पन्नास पोरांसमोर मी कधी अडले नाही. इथे तिने एका वाक्यात मला फळ्यासमोर उभं केलं. ती बरोबर होती, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आला. तिने आधीच सांगितलं होतं, पडू नको म्हणून. मी तिचं दुःख पाहिलं, तिचं ऐकलं नाही. मला जिंकायचं होतं. त्या बाईला, गुरुजींना, अमेरिकेच्या घड्याळाला, सगळ्यांना चूक ठरवायचं होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्याचाच होता. आवाज मलाही ऐकू आला. खुशीत होता पोरगा. "टेन्शनच गेलं न सगळं! आईच म्हणून राहिली आता, लवकर उरका. काकूंना थँक्यू सांग माझं." ती हो हो म्हणाली, हसलीही थोडी, आणि फोन ठेवला.

मी विचारलं, "नाही म्हणणार आहेस का?"

"नाही कशाला म्हणू? मला आवडतो तो. उद्या येऊ दे त्यांना." ती उठली, कपड्यांचा गठ्ठा हातावर घेतला आणि दारात थांबली. "तो बोलला असता का, आई?"

"बोलला असता," मी लगेच म्हटलं.

"तुला काय माहीत? मला नाही माहीत. आता तर त्याला पण कधी कळणार नाही."

आणि ती आत जाऊन, उद्या कोणती साडी नेसायची ते पाहायला कपाट उघडू लागली.