बहिष्काराच्या दिवशीचे दोन घास

दुसरा घास तोंडात होता तेव्हा बाहेरच्या घोषणा थांबल्या. मी मान वर केली. कँटीनच्या जाळीपलीकडे टूल रूमची माणसं उभी होती आणि सगळी माझ्या ताटाकडे बघत होती. जेवणावर बहिष्कार होता आणि सबंध हॉलमध्ये मी एकटी जेवत होते.

मी जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात लेबर ऑफिसर आहे. म्हणजे कामगार आणि मॅनेजमेंट यांच्या मधे बसणारी बाई. कँटीनही माझ्याकडेच. नियम असा की जेवण वाढण्याआधी ऑफिसरनं ते चाखायचं आणि रजिस्टरवर सही करायची. बहिष्कार असला तरी स्वयंपाक होतो, आणि स्वयंपाक झाला की चव घ्यावीच लागते. ती किचनमध्ये उभ्या उभ्या चमच्यानं घेता आली असती. पण इतक्या वर्षांची सवय. आचाऱ्यानं ताट हातात दिलं आणि मी ते घेऊन नेहमीच्या टेबलावर जाऊन बसले. डोकं कुठं ठेवलं होतं कोण जाणे.

भांडण टूल रूमचं होतं. मशीनना लागणारी हत्यारं आणि साचे तिथं बनतात. ते बंद करायचं, काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं आणि माणसं दूरदूरच्या कारखान्यांत पाठवायची, असा दिल्लीचा आदेश आला होता. संपावर बंधनं आल्यापासून युनियनच्या हातात फार काही उरलेलं नाही. कँटीनचा बहिष्कार तेवढा उरला. ऐकायला किरकोळ वाटतं. माणसं एक वेळ जेवली नाहीत तर सरकारचं काय बिघडतं? पण त्या दिवशी आमच्याकडून दिल्लीला एकपानी रिपोर्ट जातो आणि त्यात एकच शब्द महत्त्वाचा असतो. बहिष्कार पूर्ण, की आंशिक. आमच्याकडे युनियन तीन, तिन्हींचे पक्ष तीन, एरवी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. त्यामुळे ‘पूर्ण’ लिहून गेलं की मंत्रालय दचकतं, खासदारांचे फोन उचलले जातात, बोलणी लागतात. ‘आंशिक’ गेलं की म्हणतात, यांच्यात फूट आहे, आदेश चालू द्या. तो शब्द लिहायचं काम माझं.

गजभिये कँटीनच्या दारापर्यंत आले. ते टूल रूममध्ये टर्नर आणि सगळ्यात मोठ्या युनियनचे सेक्रेटरी. माझे वडील याच कारखान्यात होते, त्यांच्या शेजारच्या मशीनवर गजभिये काम शिकले. मला ताई म्हणायचे, रोज माझ्याच टेबलावर जेवायचे. त्या दिवशी त्यांनी आत पाय टाकला नाही.

“हे काय करून राहिल्या तुम्ही?”

“भाऊ, चव घ्यावी लागते. नियम आहे.”

“चव काय बसून घेतेत जी? ताट भरून?”

“चुकलं माझं.”

“अच्छा. चलो, ठीक है, मॅडम,” ते म्हणाले आणि वळले.

ताईची मॅडम व्हायला एवढाच वेळ लागला. मी ताट तसंच सोडून उठले, पण आता उठून काय उपयोग होता?

तासाभरात जीएम साहेबांनी बोलावलं. बातमी माझ्याआधी तिथं पोचली होती.

“मॅडम, आज कँटीन में किसी ने खाना खाया?”

“एक भी वर्कर ने नहीं, सर.”

“आपने तो खाया.”

“वो टेस्टिंग थी, सर.”

“टेबल पर बैठकर?” ते हसले. “तो फिर पूर्ण कैसे हुआ? आंशिक लिखिए. झूठ भी नहीं होगा.”

त्यांनी टेबलावरची एक फाइल पुढं ओढली. “आपकी नागपुर ट्रान्सफर की अर्जी इसी हफ्ते आगे भेजनी है. बेटी के पास जाना है न आपको?”

जायचं होतं. फार जायचं होतं. नवरा गेल्यापासून चेरीताल भागातल्या घरात मी एकटी. दूध आणि दही मी मुद्दाम वेगवेगळ्या खेपेला आणते, तेवढंच दुकानदाराशी दोनदा बोलणं होतं. लेक नागपूरला, तिला सातवा महिना. घरी मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही; फोन येतो तो लेकीचा, आणि ती तर ‘आई’च म्हणते.

केबिनमध्ये येऊन फॉर्म पुढ्यात घेतला. साहेबांचं म्हणणं खोडता येत नव्हतं, हीच पंचाईत. ताट माझं, घास माझे, आणि माझ्या त्या मूर्खपणापायी टूल रूमच्या माणसांची घरं मोडणार. मी लिहिलं: ‘बहिष्कार पूर्ण. एकाही कामगाराने जेवण घेतले नाही. नियमानुसार चव मी घेतली.’ रिपोर्ट लेबर ऑफिसरच्या सहीनं जातो, साहेबांना त्यात खाडाखोड करता येत नाही. माझ्या अर्जावर मात्र त्यांना शेरा मारता येतो. ‘स्टाफ कमी असल्याने सोडता येत नाही’ असा शेरा घेऊन तो परत आला.

दिल्लीनं तिन्ही युनियनच्या लोकांना बोलावून घेतलं. निवडणूक तोंडावर होती, खासदारांनी जोर लावला, तेही खरंच. टूल रूमचा आदेश मागं घेतला गेला. त्या संध्याकाळी शिफ्ट सुटताना गेट मीटिंग झाली. फाटकाशी उभं राहून नेते बोलतात आणि घरी निघालेली माणसं थांबून ऐकतात. लाऊडस्पीकर माझ्या केबिनपर्यंत ऐकू येत होता. गजभियेंनी खासदारांचे आभार मानले, एकजुटीचं कौतुक केलं.

“सब भूखे रहे. एक अपने ही घर की थी, उसने खाया. नाम नहीं लूँगा.”

लोक हसले. रिपोर्ट गोपनीय असतो, कुणाला दाखवता येत नाही. मी खिडकी लावून घेतली आणि रडले.

त्यानंतर माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. कुणी वाकडं बोललं नाही की काम अडवलं नाही. नमस्कार करायचे आणि पुढच्या टेबलाकडे जायचे. साहेब तर तेवढंही करेनात. लेकीच्या बाळंतपणाला रजा टाकून चार दिवस जाऊन आले.

गेल्या महिन्यात गजभिये रिटायर झाले. शेवटच्या कागदावर माझी सही लागते, म्हणून आले. सही होईपर्यंत उभेच होते.

“एक विचारू, मॅडम?”

“विचारा ना, भाऊ.”

“त्या दिवशी काहून जेवल्या तुम्ही? तुमचे बाबा असते तर पाणीसुद्धा नसते पिले.”

रिपोर्टची कॉपी माझ्या मागच्याच कपाटात होती. किल्ली पर्समध्ये.

“भूक लागली होती,” मी म्हणाले.

“हं,” ते म्हणाले, कागद घडी करून खिशात घातला आणि गेले.

नवीन ऑफिसर आले की ट्रेनिंगमध्ये मी एकच गोष्ट बजावून सांगते. बहिष्काराच्या दिवशी चव किचनमध्ये, उभ्यानं, चमच्यानं घ्यायची. आणि घरून जेवून यायचं.