गठबंधनाचं शुद्धलेखन

आमच्या गौरीचं लग्न राज्य सरकारने जमवलं. मोडायला मात्र मी एकटी पुरले.

हे समजायला आधी आमचे मामाजी समजायला हवेत. मामाजी म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, प्रकृती ठणठणीत, आणि चाळीस वर्षांपासून मत एकाच चिन्हाला: घागर. घागर पक्षाने एवढ्या वर्षांत त्यांना काय दिलं, असं विचाराल तर एक टोपी, दोन उपरणी आणि सभेच्या गर्दीत हरवलेली एक चप्पल (ती दिली नाही, नेली). पण निष्ठा म्हणजे निष्ठा! आमच्याकडे पाणी आधी फिल्टरमधून काढतात, मग घागरीत ओततात आणि मग पितात.

आणि गौरीने पसंत केला तो निखिल नेमका खलबत्तेवाल्यांच्या घरातला! दोघं नागपुरात सदरमधल्या एकाच ऑफिसात कामाला. मुलगा गुणी. पण त्याचे वडील देवरावजी, नरखेडकडचे संत्र्याचे बागायतदार, हे खलबत्ता पक्षाचे तितकेच जुने कार्यकर्ते. मामाजींनी दोन वर्षं एकच वाक्य लावून धरलं होतं.

"खलबत्तेवाल्याच्या घरी आपली पोट्टी? कुटून काढतीन ते तिले!"

मग निवडणूक झाली, कुणालाच बहुमत मिळालं नाही, आणि एका सकाळी टीव्हीवर घागरीचे साहेब आणि खलबत्त्याचे साहेब एकमेकांना पेढा भरवताना दिसले. मामाजींच्या हातातला चहा गार झाला. गौरी (पोरगी माझी आहे, पण अक्कल स्वतःची) लगेच आजोबांच्या पायाशी जाऊन बसली.

"आजोबा, साहेबांचा निर्णय तुम्हाला मान्य आहे न?"

"साहेबाचा शब्द म्हंजे शब्द."

"मग निखिलच्या घरच्यांना रविवारी बोलावू?"

मामाजी अडकले. नाही म्हणावं तर साहेब चुकले, हो म्हणावं तर दोन वर्षं आपण चुकलो. चार वाजता म्हणाले, "बलाव. पन पोहे कसे करायचे ते मी सांगीन." झालं! साक्षगंध ठरलं. (साक्षगंध म्हणजे आमच्या विदर्भातला साखरपुडा.) निखिलने दोन्ही घरांचा मिळून व्हॉट्सअॅप ग्रुप केला आणि त्याला नाव दिलं 'गठबंधन'. सरकारच्या युतीलाही गठबंधन म्हणतात आणि नवरानवरीच्या पदराला मारतात त्या गाठीलाही. नागपुरात अर्धी हिंदी घरचीच असल्यामुळे सगळ्यांना विनोद कळला. मीही खूप हसले.

साक्षगंधाला आठ दिवस उरले आणि महापालिकेचं जागावाटप जाहीर झालं. आमच्या प्रभागातल्या सगळ्या जागा खलबत्त्याला सुटल्या. मशीनवर घागरच नाही!

"मंग मी दाबू काय?" मामाजींनी विचारलं.

"बाबा, युती आहे न," आमचे हे म्हणाले. "खलबत्ता दाबला म्हणजे घागरच दाबली."

"असं कसं गा? दुकानदारानं घागर म्हून खलबत्ता देल्ला, त तू घरी आनशीन?"

"मग नोटा दाबा."

"चाळीस वर्सं बिना नोटांचा राबलो, आता नोटा दाबू?"

पक्षाशी इमान राखायचं तर खलबत्ता दाबायचा, घागरीशी राखायचं तर घरी बसायचं. मामाजींचं जेवण कमी झालं. टीव्हीवर साहेब दिसले की ते आवाज बंद करून नुसते बघत बसायचे. आम्ही पाठीमागे हसायचो, पण मला खरंच वाईट वाटायचं. ज्या पक्षासाठी माणसाने भर उन्हात सायकलवरून गावं पालथी घातली, त्या पक्षाने त्याला एक बटणसुद्धा ठेवू नये?

शनिवारी सकाळी, म्हणजे साक्षगंधाच्या आदल्या दिवशी, मामाजी फोन घेऊन माझ्याकडे आले.

"सुनीता, पार्टीच्या ग्रुपवर लिहून दे वं. तू मास्तरीण हायेस."

इथे माझी ओळख देणं भाग आहे. मी सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. माझं लेखन शुद्ध असतं, आशयघन असतं आणि अलंकारिक असतं (हे माझंच मत आहे, पण मी तज्ज्ञ आहे). मामाजींनी सांगितलेला मजकूर असा होता:

"आमी त्या खलबत्तेवाल्यायले मत देनार नाई. पार्टीनं जागा सोडली, त पार्टीनंच मत द्या."

आता याला काय लेखन म्हणायचं? 'मत' दोनदा, 'पार्टी' दोनदा! जे सुचवता येतं ते उघड लिहू नये, असं मी दहावीच्या मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते. म्हणून मी 'मत', 'पार्टी', 'जागा', 'खलबत्ता' असले सगळे ढोबळ शब्द काढून टाकले आणि पुढील मजकूर सिद्ध केला:

"महोदय, हे गठबंधन आमच्या मनाविरुद्ध घडले आहे. चाळीस वर्षे जिवापाड जपलेली आमची घागर परक्यांच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवणे आम्हांस मान्य नाही. आजवर केवळ वडीलधाऱ्यांच्या शब्दाखातर मौन पाळले. यापुढे आपला मार्ग वेगळा, आमचा वेगळा. कळावे, लोभ नसावा."

'लोभ नसावा' हे मला विशेष साधलं होतं.

"एवढं गोड काहून लिहिलं वं?" मामाजी म्हणाले.

"मामाजी, यात धार आहे. वाचणारा घायाळ होईल बघा."

पक्षाच्या ग्रुपचं नाव होतं 'गठबंधन प्रभाग'. मी मामाजींच्या फोनवर 'गठ' एवढंच टाइप केलं आणि यादीत जो ग्रुप सगळ्यात वर आला त्यावर पाठवून दिलं.

पाच मिनिटांत कुणीतरी ग्रुप सोडला.

"पाह्य!" मामाजींनी टाळी वाजवली. "एक जन त गेला!"

मग प्रश्न आला: 'हा तुमचा अंतिम निर्नय आहे का?'

तुम्ही विचाराल, बाई, प्रश्न कुणाचा आहे ते तुला दिसलं नाही का? नाही दिसलं. उत्तरपत्रिका तपासताना मी नाव कधी बघत नाही, पक्षपात होतो. सव्वीस वर्षांची सवय. मला फक्त मजकूर दिसतो आणि मजकुरातली चूक दिसते. मी उत्तर लिहिलं: "होय. आणि तो शब्द 'निर्णय' असा लिहावा."

'पोरात काय खोट दिसली?'

"उमेदवार जवान पोरगाच हाय," मामाजी म्हणाले. "लिही, पोरगा बरा हाय, बाकीचे बेकार हायेत."

मी लिहिलं: "मुलाविषयी तक्रार नाही. तो ज्या गोटातून येतो, त्याविषयी आहे."

मग आलं: 'मंग उद्या आम्ही येऊ नये का?'

"प्रचाराले येनार असतीन," मामाजी म्हणाले. "नका येऊ म्हना."

"येण्याची तसदी घेऊ नये," मी लिहिलं, आणि पूर्णविराम दिला. पूर्णविराम मी कधीच विसरत नाही.

आम्ही दोघांनी चहा घेतला. कित्येक दिवसांनी मामाजी दोन बिस्किटं जास्त खाऊन तरतरीत झाले होते. तेवढ्यात गौरी सदरहून साक्षगंधाच्या बांगड्या भरून आली. आली ती दारातच उभी राहिली, डोळे लाल.

"आई, निखिलची आई फोनवर रडून राहिली! तू काय लिहून ठेवलं?"

"मी? मी तर पक्षाच्या ग्रुपवर..."

"पक्षाच्या? 'गोटातून येतो' म्हणे! 'तसदी घेऊ नये' म्हणे! असं आपल्या घरात तुझ्याशिवाय बोलतं कोण?"

मी फोन पुन्हा उघडला. वर नुसतंच 'गठबंधन' होतं. प्रभाग नव्हता. मी घाईघाईने आधी ते पत्र पुसायला गेले. फोनने विचारलं, सर्वांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी? मी दुसऱ्यावर बोट ठेवलं! आता ते पत्र नरखेड तालुक्यात सगळ्यांकडे होतं आणि फक्त मामाजींच्या फोनवर नव्हतं. (नाहीतरी मला पाठच होतं. माझं लेखन मला पाठ असतं.)

यांनी देवरावजींना अकरा फोन केले. एकही उचलला गेला नाही. निखिलचा आला, त्याने एवढंच सांगितलं, "काका, बाबांनी उद्याच्या गाडीवाल्याला नाही म्हणून कळवलंय." गौरी भिंतीला टेकून खाली बसली. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ गाडीची किल्ली घेतली. आम्ही चौघं नरखेडच्या रस्त्याला लागलो.

"आई," गौरी काटोलजवळ म्हणाली, "तिथे तू काही बोलू नको."

"बरं. लिहून देऊ?"

"नाही!" तिघंही एकदम ओरडले.

देवरावजी बागेत विहिरीजवळ उभे होते. पाण्याची मोटार चालू होती. आम्हाला बघून त्यांनी ती बंद केली नाही, 'या' म्हटलं नाही, आणि 'का आले' असंही विचारलं नाही. मामाजी पुढे झाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मामाजींना कुणापुढे वाकताना मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यापायी वाकत होते. जमिनीने पोटात घ्यावं असं मला वाटलं.

"देवरावजी, ते पत्र तुमाले नोयतं. पार्टीले होतं. आमच्या वार्डातल्या जागा तुमच्या खलबत्त्याले सुटल्या, म्हून."

देवरावजींनी मोटार बंद केली. खिशातून फोन काढला आणि ते पत्र एकेका शब्दावर बोट ठेवून परत वाचलं.

"म्हंजे हे पोरीचं नाई? मताचं होय?"

"हाव जी, मताचं."

मी सुटकेचा श्वास घेतला. अर्धाच घेतला, तेवढ्यात देवरावजींचा चेहरा पुन्हा कठीण झाला.

"म्हंजे तुमी आमच्या मानसायले मत देनार नाई!"

घ्या! एका भांडणातून सुटलो ते चाळीस वर्षं जुन्या भांडणात पडलो. गौरीने माझा हात इतका घट्ट धरला की नव्या बांगड्यांपैकी दोन फुटल्या. मामाजींनी मान खाली घातली. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि खरं बोललं तर नातीचं लग्न जातं.

देवरावजी विहिरीच्या काठावर बसले.

"काय सांगू जी तुमाले," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्या जिल्हा परिषदेच्या सर्कलची जागा तुमच्या घागरीले सुटली. मशीनवर खलबत्ताच नाई! घरची म्हनते जेवा, पन घास उतरत नाई."

मामाजी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"मी बी आठ दिवसांपासून जेवलो नाई."

"पेढे खाल्ले त्यायनं, अन् तोंड कडू आपलं!"

"आपल्याले एका शब्दानं इचारलं नाई जी!"

पुढचा अर्धा तास दोघांनी मिळून दोन्ही साहेबांचा असा काही उद्धार केला, की तो शुद्ध मराठीत आणणं मलाही शक्य नाही. निखिलची आई पाण्याचे पेले घेऊन आली आणि हे दृश्य बघून तिथेच थांबली. शेवटी मामाजींनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"देवरावजी, साहेबासाठी मी खलबत्ता दाबनार नाई. मरेपर्यंत नाई. पन तुमच्यासाठी दाबतो."

देवरावजींचे डोळे भरून आले. "मंग मी तुमच्यासाठी घागर दाबतो जी."

दोघांनी हात मिळवले. टीव्हीवरची गळाभेट मी पाहिली होती, पण तेव्हा मला रडू आलं नव्हतं. इथे आलं. मी पदराने डोळे पुसत देवरावजींची माफी मागायला पुढे झाले (गौरीने मागून मला ओढलं, तरी झाले).

"नाई जी, तुमचं काई नाई," ते म्हणाले. "ते 'निर्नय' मीच लिहिलं होतं. सातवीपावतर शिकलो आमी."

यावर मला एकही अलंकारिक वाक्य सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी साक्षगंध थाटात झालं. मतदानाच्या दिवशी मामाजी मशीनपाशी इतका वेळ उभे होते, की आतल्या मतदान अधिकाऱ्यांनी दोनदा "आजोबा, झालं का?" विचारलं म्हणे. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला 'गुप्त मतदान हाय' म्हणून उडवून लावलं आणि कोपऱ्यात जाऊन नरखेडला फोन केला. "दाबलं जी," एवढंच बोलले, आणि बोट धोतराला पुसत घरी आले.

मग लग्नपत्रिकेचा विषय निघाला. मजकूर मी लिहू नये, असा ठराव घागर आणि खलबत्ता या दोन्ही पक्षांनी एकमताने मंजूर केला. चर्चासुद्धा झाली नाही. देवरावजींनी स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला, तिकडेच छापून घेतला आणि पहिली पत्रिका मोठ्या अभिमानाने माझ्या हातात दिली. त्यात वधूच्या आईचं नाव होतं 'सौ. सुनिता'. मी लाल पेन काढलं. टोपणही काढलं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी टोपण परत लावलं आणि म्हटलं, "सुंदर झाली आहे!" सव्वीस वर्षं दहावीच्या एका मुलालाही मी जी वेलांटी सोडली नाही, ती जागावाटपात व्याह्यांना सोडली.