डोळा बसलेला मासा

आमच्या दारी मासे आणणाऱ्या बाईंनी स्पॅनिश चित्रकलेचा बराचसा इतिहास शिळा ठरवला आहे.

रोज सकाळी मी टीव्हीवर त्या चित्रकलेची मालिका लावतो आणि नेमक्या तेव्हाच त्या टोपली घेऊन उंबऱ्याशी बसतात. राजे, राण्या, संत यांच्याकडे त्या ढुंकून बघत नाहीत. चित्रात ताटातला मासा दिसला, की मात्र मान पुढे येते.

"भाऊ, ह्याचा डोळा बसलाय. कालचा हाय."

"अहो, चारशे वर्षांपूर्वीचा आहे."

"मग इचारूच नका."

मी हट्टाला पेटलो. एक तरी चित्र या बाईंकडून पास करून घ्यायचंच. परवा पडद्यावर एक मासा आला, ओला, लखलखता, टपोऱ्या डोळ्याचा. बाई उठून थेट टीव्हीपाशी गेल्या. बराच वेळ निरखून म्हणाल्या, "ह्यो ताजा. चित्र काढून झाल्यावर खाल्लान असेल त्यानं."

मी जवळजवळ नाचलोच आणि त्याच भरात ताट पुढे केलं. "द्या सहा बांगडे."

बाईंनी पडद्यावरच्या माशाकडे पाहिलं, मग आपल्या टोपलीकडे, आणि टोपलीवर हळूच फडकं ओढलं.

"आज नको, भाऊ. उद्या आणते."