घोडे धरणारा कोंडीराम

परळच्या एका गल्लीत, चाळीच्या मागच्या अंगाला, व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांचा तबेला होता. तिथे कोंडीराम घोडे सांभाळायचा. कणकवलीकडचा माणूस, अंगानं दणकट, आवाज खर्जातला. जनावर कितीही बिथरलेलं असो, त्यानं मानेवर हात ठेवून "हां राजा, हां" म्हटलं की गप उभं राहायचं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. त्या दिवसांत तबेल्यात एक डॉक्टर आणि शांता नावाची नर्स येऊ लागले. डासांमुळे पसरणारा एक ताप थेट मेंदूत जातो, आणि तो शहरात शिरलाय का हे जनावरांच्या रक्तावरून आधी कळतं, असं डॉक्टर सांगायचे. म्हणून घोड्यांच्या मानेतून थोडं थोडं रक्त काढून नेत. घोडा धरायचं काम कोंडीरामाचं. शांता नायगावची, नुकतीच घरच्यांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. ती हसून म्हणायची, "कोंडीरामदादा, तुम्ही नसता तर एखादी लाथ मला ठरलेलीच होती." तो खूष व्हायचा. सरकारी डॉक्टरचं माझ्यावाचून अडतं, असं चाळभर सांगत फिरायचा.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "घोड्याला चावणारा डास तुम्हालाही चावतोच. आता तबेल्यातल्या आणि चाळीतल्या माणसांचंही रक्त तपासायचंय. पहिले तुम्ही."

शांतानं सुई काढली. घोड्यांच्या सुईपुढं ती काहीच नव्हती, पण कोंडीरामानं वर केलेली बाही झटकन खाली ओढली. "चणे भिजत घालायचे राहिले," असं पुटपुटत तो सटकला आणि चाळीच्या नळापाशी येऊन उभा राहिला.

नळावर त्याची बायको बकुळा होती, शेजारीपाजारीही होते. "काय झाला? तोंड कित्याक उतरला?" बकुळेनं विचारलं.

घाबरलो म्हणाला असता तर तिथंच संपलं असतं. पण चारचौघांत जीभ वळेना. तो म्हणाला, "आपलं रक्त मागतायत. चळवळीतल्या पोरांची ताकद काढून घ्यायची सरकारची युक्ती आहे ही."

गोळीबारात गेलेल्या पोरांचं दुःख ताजं होतं. सरकारबद्दल वाईट ऐकलं की लोकांना पुरावा लागत नव्हता. डॉक्टर आणि शांता चाळीत येईपर्यंत गॅलऱ्या माणसांनी भरल्या. आरडाओरडा झाला. "हिचा हात कोण लावून घेणार?" असंही कुणीतरी वरून ओरडलं. मग एक दगड आला. शांताच्या भुवईवर लागला. हातातली पेटी पडली, काचेच्या नळ्या फुटल्या, घोड्यांचं रक्त फरशीवर पसरलं.

पदर कपाळाशी दाबून तिनं गर्दीत पाहिलं. "कोंडीरामदादा, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

कोंडीराम एक पाऊल मागे सरकला आणि लोकांच्या आड झाला.

त्या रात्री त्यानं वाढलेलं ताट बाजूला सारलं. बकुळेनं सगळं ओळखलं होतं. "घोड्यांका धरतास, आणि आपलो हात देवक घाबारतास?" एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी तो नायगावला गेला. शांताच्या आईनं, रमाबाईंनी, पाण्याचा पेला पुढं केला. पेला हातात धरून तो उभाच राहिला. "पोरी, मी भ्यालो होतो. म्हणून खोटं बोललो."

"मला काय सांगता?" शांता म्हणाली. "ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना सांगा. आणि दगडाचं मला काही नाही. मी हाक मारली तेव्हा तुम्ही मागे सरकलात."

रविवारी चाळीच्या पटांगणात संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. अप्पा, चाळीचा जुना कार्यकर्ता, बोलत होता. कोंडीराम मधेच उठला आणि सगळं सांगून मोकळा झाला. लोक हसले. कुणीतरी घोड्यासारखं खिंकाळलं. अप्पा मात्र हसला नाही. "म्हणजे आपण उगाच एका पोरीचं डोकं फोडलं," तो म्हणाला, आणि त्याचं पुढचं भाषण काही जमलं नाही.

अप्पानं स्वतः जाऊन डॉक्टरांना परत आणलं. सोबत नर्स दुसरीच होती. डोळे घट्ट मिटून कोंडीरामानं पहिला हात दिला. मागोमाग अर्ध्याहून जास्त चाळीनं दिला. कुणाच्याच रक्तात तापाची खूण निघाली नाही. चाळ तो प्रकार विसरलीही.

काही महिन्यांनी शीवला त्याला शांता दिसली. भुवईवर पांढरट वण होता. तिनं ओळखलं आणि थांबली. तो काही बोलेल म्हणून थोडा वेळ तशीच उभी राहिली. कोंडीराम वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसला. मान वर केली तेव्हा ती रस्ता ओलांडून गेली होती.