नाल्यापलीकडची लाइन

मांद्र्याच्या सायकलवाल्यांनी गेल्या आठवड्यात मला झेंडा दाखवायला बोलावलं. पावसाचे चार थेंब पडले आणि फेरी रद्द झाली. अंगात भारी रेनकोट, हातांत मोजे, आणि सायकली गाडीच्या टपावर. ‘रस्ता निसरडा झालाय, काका,’ असं एकाने मला समजावलं. मला आठवलं ते इथे लिहितो.

मी फौजेत होतो तेव्हा माझं पोस्टिंग जम्मूकडे, सिग्नलच्या तुकडीत होतं. सोबत लान्स नायक सोमा गावस, आमच्याकडच्याच कारापूरचा. दोघेही लाइनमन. टेलिफोनची तार तुटली की सायकल काढायची, जागा शोधायची, जोडायची. हिवाळ्यातला तिकडचा पाऊस बर्फाच्या पाण्यासारखा. ब्रेक लागत नाहीत. बोटं हँडलवर आखडून राहतात.

त्या सकाळी पुढच्या चौकीची लाइन गेली. रेडिओही लागेना. आमच्या कॅप्टनसाहेबांची जीप दारात उभी होती. ती चिखलात रुतेल म्हणाले, आणि चहाचा मग हातात धरून आम्हाला सायकलवर पाठवलं. नाल्याला पाणी चढलंय, हे सोमाने एकदाच सांगितलं.

‘ऑर्डर इज ऑर्डर.’

असल्या माणसांना तेवढंच वाक्य पाठ असतं.

तार नाल्यापलीकडे तुटली होती. फरशीपुलावरून पाणी वाहत होतं. सोमाने मला टेलिफोन घेऊन अलीकडेच थांबवलं. केबलचं रीळ कॅरियरला बांधलेलं, म्हणून सायकलच खांद्यावर घेतली आणि पार गेला. तार जोडली. माझ्या फोनवर चौकीचा आवाज आला. मी हात वर केला. तो परत निघाला, मध्यावर आला आणि पाण्याचा लोट आला. आधी सायकल गेली, मग तो. मी काठाने वळणापर्यंत धावलो. हाती लागला तेव्हा श्वास नव्हता.

त्यानेच जोडलेल्या लाइनवरून मी रिपोर्ट दिला.

‘गावस गेला, सर.’

पलीकडून साहेबांनी विचारलं,

‘सायकल मिळाली?’

मी फोन ठेवला. साहेब पुढे मेजर झाले. शौर्यावर भाषणं चांगली करतात म्हणे.

सोमाला घेऊन मी कारापूरला आलो. अंगणात सगळा गाव जमला होता. त्याच्या बापाने ना पाण्याचं विचारलं, ना साहेबाचं.

‘थंय खूब थंडी आशिल्ली रे?’

‘होय, काका. खूप थंडी होती.’

ते आत गेले, घरातलं कांबळं घेऊन आले आणि पेटीवरच्या झेंड्याला धक्का न लावता पायांकडे पांघरलं.